हॉलंडवाला एकरी दोनशे क्विंटल काढतो, मग आपण निर्यातीत टिकतो तरी कसे?

शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तोच फॉरवर्ड येतो, हॉलंडचा शेतकरी एकरी दोनशे क्विंटल कांदा काढतो, आपण सत्तरवर अडकलोय, आणि खाली कोणीतरी लिहितं की म्हणूनच आपला माल बाहेर टिकत नाही. आकडे तसे खोटे नाहीत बरं का. भारताची कांद्याची सरासरी हेक्टरी १६ ते १८ टनांच्या आसपास फिरते, म्हणजे एकरी ६५ ते ७२ क्विंटल, आणि नेदरलँड्समध्ये, म्हणजे हॉलंडमध्येच, चांगल्या वर्षी हेक्टरी ४५-५० टन सहज निघतो. निफाड-येवल्याकडचा चांगला शेतकरी उन्हाळीला (म्हणजे रब्बीच्या कांद्याला) एकरी १२०-१५० पण काढतो, पण सरासरीत तो एकटा नसतो, शेजारचा पाणी तुटलेला आणि करपा रोगाने गेलेला प्लॉट पण मोजला जातो.

मग प्रश्न असा की इतका फरक असताना २०२२-२३ मध्ये भारतातून २५ लाख टनांच्या वर कांदा बाहेर गेलाच कसा? आणि पाकिस्तानची सरासरी आपल्यापेक्षाही कमी, तरी आपण निर्यातीचं दार लावलं रे लावलं की आपलं गिऱ्हाईक तो पळवतो, ते कसं?

तर उतारा, म्हणजे एकरी निघणारा माल, आणि स्पर्धा यांचं नातं आहे, घट्ट आहे, पण ते फॉरवर्डमध्ये सांगतात तितकं सरळ नाही. दुबईचा किंवा कोलंबोचा व्यापारी तुमचं एकरी ॲव्हरेज विचारत नाही. त्याला दोनच गोष्टींशी देणंघेणं, माझ्या पोर्टवर किलो कितीला पडतो, आणि पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी तू देणार आहेस का. उतारा या दोन्हींत घुसतो, फक्त मागच्या दाराने.

पहिलं किलोचं बघू. समजा एका एकराला रोपापासून काढणीपर्यंत ८० हजार खर्च झाला, मजुरी, खत, फवारण्या, पाणी, काढणी-छाटणी सगळं धरून (तुमचा कमीजास्त असेल, आकडा फक्त समजायला घेतोय). माल निघाला ७० क्विंटल. म्हणजे किलो पडला ११ रुपये ४३ पैशाला. शेजाऱ्याने थोडं खत-पाणी वाढवलं, काढणीला मजूर जास्त लागले, खर्च ९० हजारावर गेला पण माल ११० क्विंटल निघाला, त्याचा किलो पडला ८ रुपये १८ पैसे. इथपर्यंत सोपं आहे, मशागत आणि लागवड तितकीच, किलो जास्त, म्हणून किलोमागचा खर्च कमी. सगळे लेख इथेच थांबतात.

पण उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये सगळा विकत नाही ना कोणी, निदान ज्याला जमतं तो तरी नाही. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये जातो, आणि जून ते ऑक्टोबर देशाला आणि निर्यातीला तोच कांदा पुरवायचा असतो. आणि चाळीत घट येते, थोडं वजन सुकून जातं, थोडं सडतं, थोड्याला कोंब फुटतात. पहिल्याची ३० टक्के घट धरा, ७० चे राहिले ४९ क्विंटल, किलो झाला १६ रुपये ३३ पैसे. दुसऱ्याने नीट वाळवून, निवडून भरला, घट १५ टक्के, ११० चे राहिले साडेत्र्याण्णव, किलो ९ रुपये ६३ पैसे. शेतात दोघांत सव्वातीन रुपयांचा फरक होता, चाळीतून बाहेर येईपर्यंत तो पावणेसात रुपये झाला. एका ४० फुटी रीफर (आत थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये २८-२९ टन माल बसतो, म्हणजे कंटेनरमागे दोन लाखाच्या जवळ. निर्यातीचे सौदे किलोमागे रुपया-दोन रुपयांवरून इकडचे तिकडे होतात हे लक्षात घेतलं की पावणेसात रुपये म्हणजे काय ते कळतं.

आता खरी गंमत. तिसरा शेतकरी घ्या, त्यानेपण ११० क्विंटलच काढला, ९० हजारातच, पण वजन यावं म्हणून लागवडीनंतर दोन महिने उलटून गेल्यावर युरियाचा हात मारला आणि काढणीच्या चार दिवस आधीपर्यंत पाणी चालू ठेवलं. कांदा दिसायला टपोरा, काट्यावर जड. पण उशिरा नत्र दिलं की मान जाड राहते, जाड मान वाळत नाही, आणि न वाळलेल्या मानेतूनच सड आत शिरते. ४० टक्के घट आली तर त्याचे राहिले ६६ क्विंटल, किलो १३ रुपये ६४ पैसे. आणि ज्याने खत वेळेत थांबवलं, पाणी काढणीआधी दहा-पंधरा दिवस तोडलं, त्याला फक्त ९० क्विंटल निघाला, खर्च ८५ हजार, घट १५ टक्के, तर त्याचा किलो पडला ११ रुपये ११ पैसे. म्हणजे एकरी २० क्विंटल कमी काढणारा निर्यातीच्या हिशोबाने अडीच रुपयांनी पुढे! कृषी विद्यापीठं आणि राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय कित्येक वर्षं हेच सांगतायत, पात निम्म्याच्या वर पडली की काढा, शेतात एका ओळीच्या पातीने दुसरीचा कांदा झाकेल असं पसरवून वाळवा, मान इंचभर ठेवून कापा, चाळीत चार-पाच फुटांच्या वर थर देऊ नका. पण मे महिन्यात वळवाचा ढग दिसला की कोण थांबतंय, ट्रॉली भरायची आणि चाळीत पालथी करायची, मी पण दोष देणार नाही त्यात.

म्हणून माझं म्हणणं असं की एकरी उतारा मोजायचाच असेल तर शेताच्या बांधावर मोजू नका, चाळीच्या दारात मोजा. आणि खरं म्हणजे तिथेही नाही, खळ्यावर.

पिंपळगाव बसवंतला किंवा लासलगावला एखाद्या निर्यातदाराच्या खळ्यावर, म्हणजे माल निवडून भरायच्या जागेवर, तासभर उभं राहून बघा. लिलावातून आलेली ट्रॉली ओतली जाते आणि बाया बसून हाताने निवडतात. जोड कांदा बाजूला, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) बाजूला, पत्ती म्हणजे वरचं साल निघालेला उघडा कांदा बाजूला, गोल्टी आणि चिंगळी (बारीक कांदा) वेगळी, काळी बुरशी दिसली की खादमध्ये, म्हणजे खराब मालात. मग उरलेल्यातून साईझ, कोणाला ४५ मिमीच्या वरचा लागतो, कोणाला ५५ च्या वरचा, तोही एकसारखा, गोल, लाल, पत्ती घट्ट धरलेला. ट्रॉलीतला किती भाग त्या जाळीच्या गोणीत जातो हे बियाण्यावर फार ठरतं. आपल्याकडे बरेच जण घरचंच उळं (कांद्याचं बी) वापरतात, आणि कांद्याचं परागीभवन मधमाश्या करतात, शेजारच्या प्लॉटात दुसरी जात फुलोऱ्यात असेल तर तुमच्या बियाण्यात तिचं रक्त आलंच. मग एकाच वाफ्यात एक कांदा चपटा, एक लांबुळका, एक जोड. एकरी १०० निघाला पण निर्यातीचा ५० च, तर तुमचं निर्यातीतलं ॲव्हरेज ५० च आहे, उरलेला देशातल्या मार्केटला स्वस्तात जातो आणि निवडायची मजुरी सगळ्या १०० वर पडते.

हॉलंडवाल्याचं इथे वेगळं आहे. संकरित बियाणं, यंत्राने ठराविक अंतरावर थेट पेरणी, यंत्रानेच काढणी, मोकळा माल थेट गोदामात, तिथे गरम हवा सोडून मान वाळवतात आणि पुढे थंड करून साठवतात, ऑगस्ट-सप्टेंबरला काढलेला कांदा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विकत राहतात. मजुराचा हात जवळजवळ लागत नाही. तिथली मजुरी आपल्या कितीतरी पट महाग, तरी कांद्याच्या किलोमागे ती थोडीशीच पडते कारण एक माणूस किती टन हाताळतो ते बघा. आपल्याकडे रोप टाकायचं, उपटायचं, एकेक काडी बायकांनी वाकून लावायची, खुरपायचं, उपटायचं, कापायचं, परत निवडायचं. मजूर स्वस्त आहेत असं आता बोलायची पण सोय नाही, उक्त्या लागवडीचाच एकरी भाव दहा-बारा हजाराच्या पुढे गेलाय, आणि माणसं मिळत नाहीत ती नाहीतच. जमिनीच्या उत्पादकतेवर सगळे बोलतात, पण एका माणसाच्या दिवसाला किती किलो निघाला हा हिशोब पुढच्या दहा वर्षांत जास्त चावणार आहे असं मला वाटतं.

हॉलंडची जातच आणून लावू मग, असं कोणी म्हणेल. नाही चालत, आणि यात शेतकऱ्याचा काही दोष नाही. कांदा पोसायला, म्हणजे गड्डा भरायला, कधी सुरुवात करायची हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. तिकडच्या जातींना १४-१६ तासांचा दिवस लागतो, जूनमध्ये तिकडे दिवस साडेसोळा तासांचा असतो, आपल्याकडे हिवाळ्यात-उन्हाळ्यात ११-१२ तासांवर पोसणाऱ्या जाती लागतात. तिकडची जात निफाडला डिसेंबरात लावली तर नुसती पातच वाढत बसेल. आणि गड्ड्याचा एकेक पापुद्रा म्हणजे एकेका पातीचा फुगलेला बुंधा असतो, त्यामुळे पोसायच्या आधी जितकी पात जास्त तितका गड्डा मोठा. त्यांना मार्च-एप्रिलच्या पेरणीपासून पाच महिने, थंड हवा आणि लांब दिवस मिळतात, आपला कांदा लागवडीनंतर चार महिन्यांत उन्हाच्या तडाख्यात संपतो. त्यामुळे त्यांच्या आणि आपल्या उताऱ्यातला सगळा फरक भरून निघेल ही अपेक्षाच चुकीची. ७० चे ११० होऊ शकतात, ते आपलेच शेतकरी करून दाखवतायत, पण दोनशेच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आणि तशी गरजपण नाही, कारण त्यांचं गिऱ्हाईक आणि आपलं गिऱ्हाईक बरंचसं वेगळं आहे. त्यांचा पिवळा कांदा मोठ्या प्रमाणात पश्चिम आफ्रिकेत जातो, सेनेगल, आयव्हरी कोस्ट वगैरे. आपला लाल, तिखट कांदा बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, आखाती देश, नेपाळ इथे लागतो, जिथे रश्श्याला तोच पाहिजे. न्हावा शेव्यावरून दुबईला जहाज काही दिवसांत पोचतं, कोलंबो तर शेजारीच. कांदा हा जड आणि स्वस्त माल, त्याच्या किमतीत भाड्याचा हिस्सा मोठा, म्हणून जवळ असणं हे कमी उताऱ्याची बरीच भरपाई करतं. आपले खरे स्पर्धक पाकिस्तान, चीन आणि इजिप्त. इजिप्तला नाईलचं बारमाही पाणी आणि कोरडी हवा, उतारा आपल्या दुपटीच्या आसपास. चीन आपल्यापेक्षा थोडा वर. पाकिस्तान खाली, पण त्यांचा रुपया घसरला की डॉलरमध्ये त्यांचा कांदा आपोआप स्वस्त होतो आणि उताऱ्याचा तोटा झाकला जातो.

आता दुसरा प्रश्न, देणार आहेस का. माझ्या मते आपला सगळ्यात मोठा मार इथे आहे, आणि त्याचं मूळ पण शेतातल्या उत्पादकतेतच आहे, फक्त सरासरीत नाही, चढउतारात आहे.

आकडे बघा. २०२२-२३ ला देशात कांदा झाला साधारण ३०२ लाख टन. त्यातला बाहेर गेला २५ लाख, म्हणजे आठ टक्क्यांच्या थोडा वर. पुढच्या वर्षी, २०२३-२४ ला, उत्पादन आलं २४२ लाख टनांवर, क्षेत्रही घटलं आणि उतारापण, पावसाने ओढ दिली आणि मग नको तेव्हा आला. एका वर्षात ६० लाख टन गायब. आपली अख्खी निर्यात २५ लाख आणि आपला एका वर्षाचा हेलकावा ६० लाख! घरात खाणारी माणसं १४० कोटी, कांद्याचा भाव वाढला की सरकारं हलतात हे आपल्याकडे लहान पोराला पण माहितीय, तर मग पहिली कुऱ्हाड कशावर पडणार? नेदरलँड्सचं उलट, २५-३० हजार हेक्टरचं क्षेत्र (एकट्या नाशिक जिल्ह्याचं याच्या कितीतरी पट आहे), माणसं पावणेदोन कोटींच्या थोडी वर, बहुतेक सगळा कांदा बाहेरच जायला पिकवलेला. तिथे कमी पिकला तर भाव वाढतो, निर्यात बंद होत नाही.

आपल्या कांदा निर्यातबंदीच्या तारखा नुसत्या ओळीने वाचा. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी, उठली १५ मार्च २०२० ला. १४ सप्टेंबर २०२० ला परत बंदी, उठली १ जानेवारी २०२१ ला. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला किमान ८०० डॉलरची अट, ८ डिसेंबर २०२३ ला सरळ बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली पण ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते शेवटचं २० टक्के १ एप्रिल २०२५ ला गेलं. त्यात २०२३ चं तर नशीबच बघा, नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले, युरोपातला माल आशियात यायचा तर आफ्रिकेला वळसा घालून, इजिप्तने स्वतःच्या कांद्यावर आधीच बंदी घातलेली, मैदान मोकळं होतं आणि आपणच घरी बसलो.

चाळीतली घट, शेतातला हेलकावा आणि ही बंदी या तीन वेगळ्या बातम्या म्हणून छापून येतात. पण एकीतून दुसरी निघते. चाळीत भरलेल्या कांद्यातला पाव ते एक तृतीयांश गेला नसता तर सप्टेंबरला देशात इतकी ओढाताण झाली नसती. म्हणूनच लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र उभं राहिलं, कोंब येऊ नयेत म्हणून, पण विकिरण केलेला कांदा परत चाळीतच टाकला तर कोंब थांबतील, सड थांबणार नाही, त्याला थंड साठवण जोडीला लागते आणि तिथे परत विजेचं बिल येतं.

बंदीचा परिणाम बंदी उठली की संपत नाही हे निर्यातदार सोडून कोणाच्या लक्षात येत नाही. बांगलादेश बरीच वर्षं आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. २०१९ ला त्यांच्याकडे कांदा इतका भडकला की त्यांनी विमानाने मागवला, आणि तेव्हापासून त्यांनी ठरवलं की भारतावर अवलंबून राहायचं नाही. स्वतःचं उत्पादन वाढवलं, पावसाळी कांद्याच्या जाती पसरवल्या, आणि आता त्यांचा माल मार्केटला आला की ते आयातीची परवानगी थांबवतात, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. चूक म्हणायची तर कशाला? आपण आपल्या गिऱ्हाइकाला पिकवायला शिकवलं, इतकंच.

ताज्या भाजीपाल्यात हेच अजून कडक आहे, कारण कांदा निदान महिनाभर थांबतो, भेंडी थांबत नाही. तिथे उताऱ्यातला "चालणारा" माल म्हणजे कीड नसलेला आणि औषधाचे अंश मर्यादेत असलेला. १ मे २०१४ ला युरोपीय संघाने आपल्या हापूससकट वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केले होते, मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून. सगळ्यांच्या खेपा खराब नव्हत्या, पण दार सगळ्यांनाच बंद झालं.

तर मग वाढवायचं कुठे? माझं उत्तर खरीप. वरच्या तारखा परत बघा, सगळी पहिली कुऱ्हाड ऑगस्ट ते डिसेंबरमध्येच पडते. कारण उघड आहे, चाळीतला उन्हाळी संपत आलेला असतो, खरिपाचा लाल अजून आलेला नसतो, आणि तो येतो तोही निम्मा पावसाने मारलेला. देशाच्या कांद्यात रब्बीचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास, खरीप आणि रांगडा (उशिराचा खरीप) मिळून उरलेला, आणि खरिपाचा उतारा सगळ्यात कमी आणि सगळ्यात बेभरवशाचा. रोपवाटिकेतच जुलैच्या पावसात मर लागते, पुढे करपा, पीळ पडणे, वाफ्यात दोन दिवस पाणी साचलं की संपलं. एप्रिलच्या कांद्यात दहा क्विंटल वाढले तर मार्केट पडायचीच शक्यता जास्त, तेच दहा क्विंटल नोव्हेंबरला वाढले तर दिल्लीत कोणाला घाम फुटत नाही आणि कंटेनर चालू राहतात.

आणि खरिपाला करायचं काय हे काही गूढ नाही. सपाट वाफ्याऐवजी रुंद गादीवाफा (जमिनीपासून उचललेला वाफा), त्यावर ठिबक, म्हणजे पाणी साचत नाही आणि मुळं गुदमरत नाहीत. रोपंपण गादीवाफ्यावर, जमलं तर वर शेडनेट. भीमा सुपर, भीमा डार्क रेड, भीमा राज अशा खरिपाला चालणाऱ्या जाती राजगुरुनगरने कधीच दिल्यात, बसवंत ७८० तर त्याच्याही आधीची. अडचण बियाण्याची आहे, मे-जूनला खात्रीचं खरिपाचं बी हवं तितकं मिळत नाही, मग मिळेल ते उळं घेतलं जातं, कधी रब्बीची जातच खरिपात पडते आणि पीक फसलं की दुकानदाराशी भांडण. शिवाय गादीवाफा आणि ठिबकचा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर येतो, आणि डिसेंबरला बंदी येईल का नाही हे जूनमध्ये कोणी सांगत नाही, त्यामुळे हात आखडतोच. त्या भीतीपोटी यंदा पण बऱ्याच जणांनी पावसाळी कांद्याऐवजी सोयाबीन नाहीतर मकाच टाकलाय.